ज्याने फोडली त्याने काढायची

स्क्रू

गोष्ट मधूनच सुरू करू. सुरुवात सगळ्यांना ठाऊक असते: म्हातारपणी एक जण उबेला निघतो, एक जण बर्फात मागे राहतो. इथे निघालेला उर्हो आहे आणि राहणारी सिल्वी. भाऊबहीण. सिल्वी मोठी, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. उर्हो धाकटा, सुतार, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. उद्या सकाळी तो फ्लोरिडाला मुलीकडे कायमचा जाणार आहे, आणि आज दुपारी तो सिल्वीच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या बाणाच्या ढुंगणात स्क्रू पिळतो आहे.

"हळू. दांडी चिरेल."

"सिल्वी, मी जन्मभर स्क्रू पिळलेत."

"लाकडात. हा कार्बन आहे."

"हो गं बाई."

बाणाच्या मागच्या टोकाला, दोरी अडकते तिथे, प्लास्टिकची छोटी खोबण बसवलेली असते. नॉक. मागून दुसरा बाण येऊन तिच्यावर आदळला की तिचे कान उडून जातात आणि बुडखा पोकळ दांडीत अडकून राहतो, दाढ मोडून मूळ हिरडीत राहावं तसा. सिल्वीची ही नॉक उर्होच्या बाणाने फोडली त्याला दोन शिशिर झाले. तेव्हापासून तो बाण दाराआड उभा होता.

उर्होने पकडीने स्क्रू ओढला. स्क्रू आला. त्याच्याबरोबर प्लास्टिकचा भुगा आला. बुडखा जिथल्या तिथे.

"हट्टी आहे," उर्हो म्हणाला.

"कोणाचा बाण आहे?" सिल्वी म्हणाली आणि कॉफी ओतायला उठली. भांडं भरलेलं होतं, तरी तिने नवी कॉफी चढवली.

नियम

नियम वडिलांचा. खाणीतून आल्यावर ते मागच्या अंगणात गवताची गासडी लावत आणि दोन्ही पोरांना धनुष्यं देत. पोरं एकमेकांच्या नॉक फोडत आणि मग एकमेकांची डोकी. एके दिवशी वडिलांनी काठी खाली ठेवली आणि सांगितलं: ज्याने फोडली त्याने काढायची. स्वतःच्या हाताने. आणि ज्याचा बाण त्याच्या टेबलावर बसून.

तेव्हा टेबल एकच होतं, त्यामुळे नियमाच्या दुसऱ्या भागाला काही अर्थ नव्हता. पुढे दोन घरं झाली, दोन टेबलं झाली, तेव्हा त्याला अर्थ आला.

एका हिवाळ्यात दोघं बोलत नव्हती. कशावरून, ते आता दोघांनाही सांगता येणार नाही. जमिनीवरून किंवा आईच्या कपाटावरून. फेब्रुवारीत दारावर थाप पडली. उर्हो उभा, टोपीवर बर्फ, एका हातात फडक्यात बांधलेली, मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी, दुसऱ्या हातात पक्कड.

"तुझी ऑक्टोबरातली एक राहिलीय," तो म्हणाला.

तिने वाट दिली. नॉक निघायला पाच मिनिटं लागली. तो रात्रीपर्यंत बसला.

लायटर

"आण इकडे," उर्हो म्हणाला आणि खिशातून लायटर काढून दांडीच्या टोकाखाली धरला.

सिल्वीने बसमधल्या पोरावर ओरडावं तशी आरोळी ठोकली. "उर्हो! विझव!"

त्याने विझवला. दोघांनी दांडीकडे पाहिलं. काळीच ती, पण जिवंत.

ही चूक फक्त त्यांच्या वयाची माणसं करतात. अॅल्युमिनियमच्या बाणांना नॉक बाहेरून, निमुळत्या टोकावर डिंकाने चिकटवलेली असायची. मेणबत्तीवर फिरवली की ती मऊ व्हायची आणि चिमटीत पिळून यायची. कार्बनची दांडी आगीवर धरली की आतली राळ सुटते, आणि असा बाण दोरीवरच फुटून हातात घुसतो. उर्होला हे माहीत आहे. हाताला माहीत नाही.

"आईच्या मेणबत्त्या आठवतात?" तो म्हणाला.

"नाताळच्या. आपण अर्ध्या संपवल्या होत्या."

"आणि तिची केसातली पिन."

"पिन तू वाकवलीस. मार मी खाल्ला."

"तू मोठी होतीस."

"अजून आहे."

वास दोघांनाही एकदमच आला असावा: मेण, जळका डिंक, शेगडीवर वाळणारे लोकरी मोजे. मग उर्होने लायटर पुन्हा पेटवला, पण या वेळी नुसत्या स्क्रूचं टोक तापवलं, ते प्लास्टिकमध्ये हलकेच रोवलं आणि थंड होऊ दिलं.

थंड होईपर्यंत

थंड होईपर्यंत सिल्वी विचार करत होती की हे निघूच नये.

हा शेवटचा होता. बाकीच्या फुटलेल्या नॉक कधीच काढून झाल्या होत्या; हा एक तिने मागे ठेवला होता. दोन वर्षं उर्हो आला की विचारायचा, "तो बाण आण ना," आणि ती म्हणायची, "आज सौना तापलीय, आधी वाफेला बसू, बाण पुढच्या वेळी." बाण दाराआड होता तोवर पुढची वेळ होती. आज त्याने स्वतःच आल्याआल्या दाराआड हात घातला होता. "जाण्याआधी मोकळं होऊ दे," म्हणाला.

सगळे म्हणतात, दर उन्हाळ्यात येऊ. शेजारचा लौरी असंच म्हणून गेला. पहिल्या उन्हाळ्यात आला, दुसऱ्या उन्हाळ्यात संत्री पाठवली.

आणि सिल्वी कुठे जाणारी नव्हती. फ्लोरिडाचा रस्ता सरोवरावरच्या ज्या मोठ्या पुलावरून जातो, त्याच्या दक्षिणेला तिने वीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, आणि हे ती चर्चमध्येही अभिमानाने सांगायची.

तार

स्क्रू पुन्हा रिकामा आला.

"हँगर दे," उर्हो म्हणाला. "तारेचा. धोब्याकडचा."

तिने कपाट उघडलं, बराच वेळ शोधलं. समोरच चार लटकत होते.

"सिल्वी."

"शोधतेय."

"तुझ्या नाकासमोर आहेत."

त्याने हँगर सरळ केला. बाणाचं पोलादी टोक फिरवून काढलं, तिथल्या भोकातून तार आत सारली, थेट मागपर्यंत. दांडी तिला धरायला दिली. मग लाटण्याने तारेवर मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टप् आवाज झाला, बुडखा उडाला आणि साखरेच्या भांड्यात पडला.

दोघं साखरेकडे पाहत राहिली.

"झालं," उर्हो म्हणाला.

"झालं," सिल्वी म्हणाली.

अंगण

नवी नॉक बसवली. मग उर्हो म्हणाला, चल, मारून बघू. भूर्जांची पानं पिवळी पडायला लागली होती. गासडीच्या जागी आता फोमचा ठोकळा होता, पण जागा तीच.

उर्होने एक बाण मारला. मधोमध. गुडघे गेले, डोळा नाही गेला.

सिल्वीने मारला. डावीकडे.

पुन्हा मारला. वर.

"खांदा दुखतोय का?"

"नाही."

तिसरा त्याच्या बाणाच्या पिसांना घासून गेला. उर्हो तिच्याकडे बघायला लागला. चौथ्याला तिने इतका वेळ दोरी ताणून धरली की बाण ठोकळा सोडून झुडपात गेला.

"सिल्वी, तू ठोकळ्याला मारत नाहीयेस."

"मग कशाला मारतेय?"

"माझ्या नॉकला."

"तुझं काहीतरीच."

"चार बाण. लाज नाही वाटत?"

"वारा आहे."

पान हलत नव्हतं. तिने भात्यात हात घातला. एकच उरला होता, दुपारी दुरुस्त केलेला. तिने मारला. ठोकळ्याच्या कोपऱ्यात, टाचणीसारखा. नवी नॉक शाबूत.

आता बाण नव्हते. तिने धनुष्य खाली टेकवलं आणि दूर झाडांकडे बघत उभी राहिली. फ्लोरिडाला भूर्ज नसतात, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं.

पक्कड

उर्हो लंगडत ठोकळ्यापाशी गेला. स्वतःचा बाण उपटला. खिशातून पक्कड काढली, नॉकचे दोन्ही कान तिच्यात धरले आणि दाबले. कट्.

परत येऊन त्याने बाण तिच्यासमोर धरला.

"बघ काय केलंस."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

"पक्कड तुझ्या हातात आहे, गाढवा!"

"सत्तरीनंतर माणसाला भास होतात. हा बाण मी उद्या गाडीत घालून नेतोय. मुलीकडे स्वयंपाकघरात टेबल आहे, मी बघून आलोय. ज्याने फोडली त्याने काढायची."

सिल्वीने बाणाच्या टोकाला बोट लावलं. बुडखा खोल बसला होता.

"त्या पुलाखालून गाडी नेता येत नाही का?" ती म्हणाली.

"वरूनच जावं लागतं."

"जानेवारीत?"

"तुझ्याकडे तेव्हा दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. तेव्हाच ये."

ती घरात गेली. तो कुरकुरत झुडपात तिचा बाण शोधत राहिला. मग खिडकीतून तिचा आवाज आला.

"तुझ्या मुलीकडे तारेचे हँगर आहेत?"

"प्लास्टिकचे आहेत."

"वाटलंच," सिल्वी म्हणाली, आणि कपाटातले उरलेले तीन हँगर काढून दाराआड, बाण उभा असायचा त्या जागी, लटकवून ठेवले.