अकराशे चाळीस पेंडिंग

सकाळी दहा वाजता कंपनीचा वार्षिक निकाल जाहीर झाला. सलग चार वर्षांच्या तोट्यानंतर नफा. पैसे भरून चॅनेल बघणारे ग्राहक पाच लाख चारशे. सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर केक कापला गेला. केकवर क्रीमने पाच लाखांचा आकडा काढला होता. त्यातला एका शून्याचा तुकडा वासिफ मुकादमच्या वाट्याला आला.

दहा वीसला त्याचा फोन वाजला.

"वासिफभाऊ, कुंदा बोलतेय, डिस्कव्हरी गार्डन्समधून. अहो, परत बिल आलं. दोनशे एकोणीस दिरहम, म्हणजे पाच हजार रुपये झाले की!"

"भरू नका ताई. रद्द करतो."

"बिलाचं सोडा हो. टीव्ही लावला की आधी यांचं नाव येतं. वेलकम, मिस्टर दिगंबर. माणूस डिसेंबरात गेला. दोन दिवसांत बंद करतो म्हणाला होतात."

"आज करतो. माझा शब्द."

"तुमचा शब्दच घेऊन बसलेय मी तेव्हापासून."

रत्नागिरीचा वासिफ एकोणीस वर्षं याच टेबलावर होता. कनेक्शन बंद करण्याचे अर्ज त्याच्याकडे येत. डिसेंबरच्या शेवटी आलेले अर्ज लगेच निकाली काढायचे नसत. 'पेंडिंग, कागदपत्रे बाकी' असा शेरा मारून ते पुढे ढकलले की एकतीस तारखेला ती माणसं ग्राहकांत मोजली जात. दरवर्षी असे शे-दीडशे निघत. यंदा अकराशे चाळीस होते; ते वगळले तर पाच लाख भरत नव्हते. शेरा मारायचा अधिकार फक्त वासिफच्या लॉगिनला होता. कुंदाताईंनी मृत्यूचा दाखला मेल केला होता. त्याच्यापुढेही त्याने 'कागदपत्रे बाकी' लिहिलं होतं.

सव्वाअकराला मॅनेजर सुजीतने केबिनमध्ये बोलावलं. शेजारी एचआरची हिबा बसली होती.

"बसा वासिफभाई. ऑडिटवाल्यांनी पेंडिंगची लिस्ट मागितलीय. अकराशे चाळीस, सगळे तुमच्या लॉगिनचे."

"तुम्हीच बोललात ना सर? रिझल्ट लागेपर्यंत हात लावू नका, बोललात."

"मेल आहे?"

"मेल कुठून असणार? टेबलाजवळ येऊन बोललात. हातात चाय होती तुमच्या."

"हबीबी, चाय रेकॉर्डवर नसते."

हिबाने एक कागद पुढे सरकवला. या नोंदी मी वरिष्ठांना न सांगता केल्या, असं त्यात होतं. सही केली तर राजीनामा आणि पूर्ण ग्रॅच्युइटी. नाही केली तर आजच निलंबन आणि चौकशी.

"चार बजे तक सोच लीजिए," हिबा म्हणाली.

"व्हिसाचं काय?"

"दोन्हीकडे खलास आहे भाई," सुजीत म्हणाला. "सही केलीत तर निदान पैसे तरी मिळतील."

बायको सुरैय्या आणि मुलगी लायबा, दोघींचे व्हिसा वासिफच्याच नोकरीवर होते. त्याने जिन्यात उभं राहून घरी फोन लावला.

"लायबाचा शेवटचा पेपर कधी?"

"एप्रिलच्या चारला. काय झाला ओ?" सुरैय्याने विचारलं.

"काही नाही. सहज."

मागून लायबा ओरडली, "डॅडी, देअर मस्ट बी केक! ब्रिंग सम!"

कागद घेऊन तो टेबलाशी परतला. आधी कुंदाताईंचं काम उरकायचं, मग सहीचं बघायचं, असं त्याने ठरवलं होतं. पासवर्ड टाकला. मशीनने नाकारला. परत टाकला, परत नाकारला.

शेजारच्या ओवेसने मान वर केली. "सकाळीच बंद केलंय भाई. केकच्या आधी. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल."

"तुझ्या लॉगिनमधून एक कनेक्शन बंद करता येतंय का बघ."

"मला फक्त बघता येतं. ती पॉवर आता सोमवारी कुणाला तरी देणार आहेत."

"मग बघ तरी."

ओवेसने नंबर टाकला.

चार वाजता तो कागद सहीविना वासिफच्या कीबोर्डवर पडला होता. ओवेसच्या स्क्रीनवर दिगंबर यांच्या नावापुढे 'चालू' लिहिलं होतं.