शिवण बाहेरच्या अंगाला

मित्रांनो, खिडकीपाशी पायाने चालणारी काळी, जुनी शिलाईची मशीन दिसतेय ना? ती मीच. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी उडाली, पण माझा टाका अजून पक्का आहे. थोडा गर्व होतो मला, तेवढा चालवून घ्या.

कारखान्यातून मी थेट शिंपीमामांच्या दुकानात आले. शिवण दिसता कामा नये आणि धागा कापडाच्याच रंगाचा हवा, हा मामांचा हट्ट. गिऱ्हाइकं कपडा निरखून बघायची आणि आमचं तोंडभरून कौतुक करायची. मग विजेवरच्या मशिनी आल्या आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग पडू लागले. फार वाईट वाटायचं.

अशातच दुकानामागच्या खोलीत राहणाऱ्या मामांच्या बहिणीला मुलगी झाली. तिला सगळे पिटुकली म्हणत. तिची कातडी जन्मापासून इतकी नाजूक, की नुसतं घासलं तरी फोड यायचे. डॉक्टर बदलले, मलमं बदलली. हा आजार फारच थोड्यांना होतो, त्यामुळे त्याचं नाव कळायलाच कितीतरी वर्षं गेली. तोवर लोक आईकडेच संशयाने बघायचे, लेकीला मारते की काय म्हणून. ती बिचारी सांगून सांगून थकली.

एकदा मामांनी पिटुकलीच्या खांद्यावरची जखम नीट पाहिली. ती बरोबर शिवणीच्या रेषेवर होती. त्यांनी माझ्यावरचे कपडे उचलले, मला तेल दिलं आणि मऊ सुती फ्रॉक शिवला, सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवून. जन्मभर शिवण लपवणारा माणूस तो!

तो फ्रॉक घालून पिटुकली शाळेत गेली. नव्या बाईंना वाटलं, पोरीने घाईत उलटा घातला. मुलं हसतील म्हणून त्यांनी मायेने तो सुलट करून घातला. घरी आली तेव्हा तिचे दोन्ही खांदे सोलवटले होते. आईने ठरवलं, आता शाळा बंद.

दुसऱ्या दिवशी पिटुकली शाळेत दिसली नाही, म्हणून बाई चौकशीला दुकानात आल्या. तिचे खांदे बघून त्यांचे डोळे भरले.

"अगं, मला सांगायचंस ना."

पिटुकली खाली बघत म्हणाली, "बाई, एक दिवस मला सगळ्यांसारखं दिसायचं होतं."

बाईंनी मामांना विचारलं, "मलाही असाच एक सदरा शिवून द्याल?"

मामांनी मुद्दाम लालभडक धागा घेतला. त्या दिवशी मी जीव ओतून चालले. पुढच्या आठवड्यात बाई आणि पिटुकली, दोघी बाहेरून लाल शिवणी मिरवत शाळेत गेल्या. मुलांनी हजार प्रश्न विचारले आणि पिटुकलीने स्वतः उत्तरं दिली. आई फाटकाशी उभी राहून बघत होती. मग लेकीला शाळेत ठेवून ती एकटीच घरी परतली.

मित्रांनो, मला बरं वाटायला तेलाचे दोन थेंब पुरतात. पण कुणाचं काही वेगळं दिसलं, तर ते सरळ करायला धावण्याआधी त्यालाच विचारा, तुला कसं बरं वाटतं? बाईंनी तेव्हा विचारलं नव्हतं. हल्ली त्या रोज विचारतात.