छत्तीस खिसे

ड्रिलचा शेवटचा झटका बसला, विटेचा लाल भुगा सुनेच्या चपलांवर सांडला आणि शिडीखालून सासूबाई ओरडल्या,

"झालं? अडकवू?"

"आई, दम धरा. आधी हूक तर बसवू दे."

"तू बसव. मी तोवर धरून उभी राहते."

आणि त्या खरोखरच धरून उभ्या राहिल्या. जाड कॅनव्हासचा, माणसापेक्षा उंच पडदा. त्यावर सहा ओळींत सहा-सहा खिसे, सगळे त्यांनी स्वतः शिवलेले. दीड वर्षापूर्वी गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी शाळेचे गणवेश शिवणं सोडलं होतं आणि मशीनवर चादर घातली होती. मग रेडिओवर भिंतीवरच्या बागेचा कार्यक्रम ऐकला आणि ती चादर निघाली. आठवडाभर घरात मशीनच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. सून वायरमन. दिवसभर लोकांच्या भिंती फोडून सुट्टीच्या दिवशी आपलीही फोडायची तिला हौस नव्हती. पण सासूबाईंचा उत्साह असा की नाही म्हणायला तोंडच उघडेना.

पडदा गॅलरीच्या भिंतीवर चढला. सुनेनं एकेक पुडी फोडून नाव सांगायचं, सासूबाईंनी बी चिमटीत घेऊन माती भरलेल्या खिशात सोडायचं, असं दुपारपर्यंत चाललं. खालची एक ओळ तेवढी रिकामी राहिली.

"चिठ्ठ्या लावते," सून म्हणाली. "नाहीतर कोथिंबीर कुठली नि पार्स्ली कुठली, घोटाळा होईल."

"काही नको. मला पाठ आहे सगळं."

अकराव्या दिवशी सून एका घरात शिडीवर उभी राहून पंख्याची वायर जोडत होती. फोन वाजला.

"अगं, आला! आला!"

"कोण आला?"

"मरवा! आणि त्याच्या शेजारी बेसिल. बोटाला लागतंय बघ, एवढंएवढंसं!"

सुनेच्या हातातली पक्कड सुटता सुटता राहिली. असाच फोन बेकरीत सासूबाईंच्या मुलालाही गेला होता. त्यानं तो भट्टीसमोर उभ्याउभ्या घेतला आणि पावांचा एक ट्रे जरा जास्तच लाल झाला. संध्याकाळी तिघं गॅलरीत उकिडवे बसून हिरव्या ठिपक्यांकडे बघत राहिले. चहा गार झाला, कुणाला पत्ता नव्हता.

पार्स्लीनं मात्र दीड महिना अंत पाहिला. ती खुडण्याजोगी झाली त्या सकाळी सुनेनं तव्यावर ऑम्लेट टाकलं आणि हाक मारली,

"आई, पार्स्ली!"

"आणते!" सासूबाई जवळजवळ पळतच गेल्या. पहिली कापणी बघायला सून उलथनं हातात घेऊन मागोमाग गेली आणि दारातच थांबली.

सासूबाईंचं तोंड रस्त्याकडे होतं. हात मात्र तिसऱ्या ओळीवरून सरकत होता. बोटं एका खिशाच्या काठाआत शिरली, काहीतरी चाचपलं, पुढच्या खिशात गेली, चाचपलं, थांबली. मग नखानं तीन काड्या खुडल्या गेल्या. पार्स्लीच्याच.

सुनेनं जवळच्या खिशाचा काठ हळूच उलगडून पाहिला. आतल्या बाजूला काचेचं बारीक बटण शिवलेलं होतं. त्याच्या शेजारच्या खिशात चार भोकांचं, चपटं. चौथ्या ओळीत कापडानं मढवलेलं. दुखऱ्या गुडघ्यांना आठवडाभर मशीनचं पायडल बरं झेपलं होतं.

"अगं, करपतंय की!" सासूबाई म्हणाल्या.

ऑम्लेट एका बाजूनं काळं झालं होतं. तरी मुलानं बोटं चाटून खाल्लं, आईला "फर्स्ट क्लास" म्हणाला आणि बेकरीत गेला. सून ताटं विसळू लागली. सासूबाई पुसून ठेवत होत्या.

"आई, खालची ओळ तशीच आहे. पानओवा लावायचा?"

"लावूया की! त्याची पानं किती जाड, किती लुसलुशीत—"

"त्याला कुठलं बटण?"

फडकं ताटावर थांबलं. सुनेनं नळ बंद केला.

"नवऱ्याला सांगू नकोस एवढ्यात," सासूबाई म्हणाल्या. "गॅसला हात लावू देणार नाही मला."

"मी देईन. पण उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं."

"उद्या तुला काम असेल."

"आहे. तरी यायचं."

सासूबाईंनी ताट रॅकवर उभं केलं. पदराला हात पुसले, मशीनच्या खणातला डबा काढला आणि आत बोटं घालून खळखळ ढवळू लागल्या.

"ओव्याला मोठं हवं. कोटाचं. सहाच्या सहा बटणं सारखी निघाली तर काय बहार येईल!" त्यांचा आवाज पुन्हा चढला होता. मग त्यांनी सुई आणि हिरव्या दोऱ्याचं रीळ सुनेपुढे धरलं.

"एवढं ओवून दे. मला आज घाई आहे."