दिवेलागणीचं उघडं दार

करुणाच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. ही माझी भाची, शिरूरला एकटी राहते. फोनवर बोलणं तिलाही माझ्यासारखंच जड जातं, म्हणून पत्र. 'मामा, माझ्याकडे कायमचे या. संध्याकाळी दोघं आपापलं पुस्तक वाचू. बोलायची सक्ती नाही.' पण माझं खाकरणं, काढून ठेवलेली कवळी, चहाचे फुरके... तिला माझी किळस येईल, असं वाटायचं.

किळस म्हणजे काय, ते मला यवतमध्ये रोज कळतं. दिवेलागणीला आमच्या गल्लीत कुणी दार लावत नाही. पाय धुऊन, कोरा चहा घेऊन मी पुस्तक उघडलं की शेजारचे हौसराव आत येतात. सोसायटीचे माजी चेअरमन. माझ्या कॉटवर मांडी घालतात, टाचेच्या भेगा खरवडतात आणि त्याच बोटांनी तंबाखू मळतात. परवा तर बशीत थुंकले. माझ्या बशीत.

"एकल्यानं बसून डोकं फिरतं मान्साचं. म्हनून येतो बघा, आप्पा."

"बसा," मी म्हणालो. बशी मीच धुतली. पण हौसरावांपेक्षा माझ्या त्या 'बसा'ची शिसारी जास्त आली.

काल दार लावून कडी घातली. तीन पानं वाचली असतील, तोच हौसरावांच्या थापा.

"आप्पा! पडलात का काय?"

'वाचतोय' एवढंच म्हणायचं होतं. आवाज फुटला नाही.

"वाचा गेली जनू! मोडा दार!" समोरच्या सिंधूबाई ओरडल्या.

घाईने कडी काढली. दारात आठ जण. सिंधूबाईंनी ओव्याचा काढा पाजला. हौसरावांनी त्याच बोटांनी माझी पापणी उलटून पाहिली.

"डोळं पिवळं हायती. आजपासनं मी हितंच झोपतो."

ते अंथरूण आणायला गेले. मी डोळा साबणाने धुतला, चुरचुरत्या डोळ्याने कपाटातलं कोरं आंतरदेशीय पत्र शोधलं आणि लिहिलं: 'करुणा, मी खाकरतो. कवळी पेल्यात ठेवतो. चहा फुरकून पितो. किळस आली तर तोंडावर सांग. मला ते जमत नाही, त्याने काय होतं ते भोगतोय. हे चालणार असेल, तर येतो.'

दारातच हौसराव भेटले, काखेत गादी.

"आजारी मान्सानं कुठं निघायचं?"

"पत्र टाकायला," म्हणालो आणि थांबलो नाही. पोस्टाच्या पेटीत हात मनगटापर्यंत घालून ते आत सोडलं.