आजींनी दिलेली माहिती

“ही वस्ती कुठली हो, बाई?”

अभ्यासक्रमाच्या वर्गात सेविकाबाईंचा निबंध नुकताच वाचून झाला होता. विचारणाऱ्या आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नाल्याकाठच्या वस्तीतल्या चार बायकांना सरांनी मुद्दाम ऐकायला बोलावलं होतं.

“तुमचीच की, आजी.”

“मग संडास चालू कुठले? दोन वर्षं कुलूप आहे त्यांना. तक्रारीचा अर्ज तुम्हीच तर लिहून दिलात.”

आजींच्या आवाजात राग नव्हता. संडास उघडले आणि आपल्यालाच कळलं नाही की काय, असा भाबडा संशय होता. तोच सेविकाबाईंच्या जिव्हारी लागला.

वस्तीच्या समाजकेंद्रात सेविका म्हणून त्यांची बावीस वर्षं गेली होती. पर्यवेक्षिका व्हायचं तर समुदाय विकासाचा अभ्यासक्रम पुरा करणं भाग होतं. पुस्तकं डोक्यावरून जात, म्हणून भाचीने मोबाइलवर शोधायला शिकवलं. शोधता शोधता एका संस्थेचं पान सापडलं. त्यात त्यांचीच वस्ती होती. रंगीत फोटो, टक्केवारी, आणि महिला समितीने संडास कसे आदर्श चालवले त्याचं वर्णन. वाचताना मनात पाल चुकचुकली होती. पण भाची म्हणाली, एवढी मोठी संस्था खोटं कशाला लिहील? त्यांनाही वाटलं, आपण रोज बघतो त्याला कोण अभ्यास म्हणतंय? त्यांनी पानच्या पान उतरवून काढलं.

ते पान कुणी लिहिलं, कधी, कुणाला विचारून, असं सरांनी शांतपणे विचारलं. सर त्यांच्या मुलाच्या वयाचे. सेविकाबाईंनी निबंधाचे कागद मिटले.

“खोटं आहे ते मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तरी लिहिलं.”

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नव्याने लिहायला सरांनी आठ दिवस दिले, आणि माहिती कुणाकडून घेतली ते खाली लिहा म्हणाले. जाताना आजींनी पाठीवर हात ठेवला, तेव्हा तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वही घेऊन वस्तीत गेल्या. कुलूप कधी लागलं, किल्ली कुणाकडे, बायका आता कुठवर चालत जातात, आजारी माणसांचं काय होतं, हे सगळं आजी एकेक करून सांगत होत्या. मध्येच थांबून, “एवढं सगळं लिहायचं?” म्हणून विचारत होत्या. चार पानं भरली.

खाली ‘माहिती देणार’ एवढं लिहून सेविकाबाईंचं पेन अडलं. आधी ‘मावशी’ म्हणत, मग केस पिकल्यावर ‘आजी’. बावीस वर्षं तेवढ्यावरच भागलं होतं.

“आजी, तुमचं नाव काय?”

आजींनी सरळ बसून पूर्ण नाव सांगितलं, आणि नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, सावकाश.

सेविकाबाईंना मान वर करवली नाही. त्यांनी ते एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं.