वुर्यानिंगसिहची पट्टी

वुर्यानिंगसिहच्या सात कादंबऱ्या छापून आल्या आणि सातही कादंबऱ्यांत तिने पाक प्रविरोला ठार मारलं. एकीत तो भाताचा व्यापारी होऊन नदीत बुडाला, दुसरीत शाळामास्तर होऊन साप चावून गेला, तिसरीत तर लग्नाच्या जेवणात माशाचा काटा घशात अडकून. नाव दर वेळी वेगळं, पण खोटं बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय तीच. वाचकांना याचा पत्ता नव्हता. मला होता, कारण त्या सातही कादंबऱ्या छापखान्यात जाण्याआधी मी कानांनी ऐकल्या होत्या.

जावातल्या सोलो शहराच्या दक्षिणेला, जिथे घरटी एक माणूस गिटारी बनवतो, त्या गावात माझा कारखाना आहे. दर मंगळवारी वुर तिथे कागद घेऊन यायची. मला मास म्हणायची, म्हणजे दादा. मी फणसाच्या फळीवर रंधा मारायचो आणि ती वाचायची. वाचायची कसली, अर्धं गायचीच. मध्येच थांबायची.

"इथे दम पुरत नाही, मास वर्सितो. वाक्य लांब झालं."

"मला तर बरं वाटलं."

"तुम्हाला रंध्याच्या आवाजात सगळंच बरं वाटतं. शेवटचा शब्द बघा ना, 'कुलूप'. यावर सूर कसा टेकवू? ओठच मिटतात." मग ती पेन्सिलीने पूर्ण वाक्य खोडायची आणि दार उघडं ठेवून प्रकरण संपवायची.

तिच्या लिहिण्यात गाणं आहे असं जकार्ताचे टीकाकार लिहायचे. ती स्वतः मात्र चार माणसांसमोर एकोणिसाव्या वर्षानंतर एक ओळही गायली नव्हती. का नाही, हे मला माहीत होतं, कारण त्या दिवशी मी तिच्या मागेच बसलो होतो.

१९७९ सालची गोष्ट. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे पाक म्हणतात. पाक प्रविरोंचं क्रोंचोंगचं, म्हणजे आमच्याकडच्या तारवाद्यांवरच्या गाण्यांचं, पथक तेव्हा नावाजलेलं होतं. बासरी, पाक प्रविरोंचं स्वतःचं व्हायोलिन, एक मोठी गिटार, दोन छोट्या, आणि माझा चेलो. तो आमच्याकडे गजाने वाजवत नाहीत, बोटांनी ढोलासारखा वाजवतात. वुर आमची सगळ्यात लहान गायिका. तिने स्वतः एक गाणं रचलं, शब्द आणि चाल दोन्ही. पाऊस आला नाही, ढग निघून गेले, नदीकाठी मी वाट बघत बसले, असं काहीतरी साधंच. पण तालमीत तिने ते म्हटलं आणि आमचा बासरीवाला फुंकायचं विसरला.

स्पर्धा श्रीवेदारीच्या बागेतल्या मंडपात, सकाळी दहाची. आदल्या दिवशी वुर पाक प्रविरोंना म्हणाली, "पाक, गाण्याच्या आधी रचना कोणाची हे सांगाल ना?"

त्यांनी दोनदा खाकरून म्हटलं, "सांगू की. तुझंच तर आहे."

सकाळी ती कपडे करायला गेली तेव्हा त्यांनी आम्हाला मंडपामागे बोलावलं. "आज तीन पट्ट्या वर वाजवायचं," ते म्हणाले. बासरीवाल्याने विचारलं, "तिला सांगितलंय का?" पाक प्रविरो हसले. "तिला कळेल."

आम्ही पाच जण होतो. पाचांनीही मान हलवली. मी चोवीस वर्षांचा होतो, लग्न ठरलेलं होतं, आणि पथकात जागा मिळवायला मला दोन वर्षं लागली होती. ही सबब नाही, फक्त झालं ते सांगतोय.

सुरुवातीचे सूर वाजले तसं तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी चेलोकडे बघितलं. पहिल्या तीन ओळी तिने कशाबशा ओढल्या. चौथ्या ओळीत चाल वर चढते. तिथे तिचा आवाज फाटला, कोंबडीचा पिसाटून फाटतो तसा. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग सगळा मंडपच हसला. पाक प्रविरो ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि म्हणाले, "माफ करा मंडळी, पोरगी अजून कच्ची आहे. हिंमत मात्र मोठी!" पुन्हा हशा.

सहा महिन्यांनी ते गाणं त्यांच्या भाचीच्या आवाजात तबकडीवर आलं. रचना, प्रविरो. आज जावात असं लग्न नाही जिथे ते वाजत नाही. त्या तबकडीवरचा चेलो माझा आहे.

पहिली कादंबरी लिहून झाली, ती छापायला देण्याआधी वुर माझ्या कारखान्यात आली होती. गिटार घ्यायला नाही. दारात उभी राहून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं." मी हो म्हटलं. "मग बसून ऐका," असं म्हणून तिने कागद काढले. तेव्हापासून मी ऐकत आलो. माफी मी मागितली नाही, तिनेही ती देऊ केली नाही.

दोन हजार पंधरा साली पाक प्रविरो ऐंशी वर्षांचे होणार होते. त्यांच्या सत्काराची समिती बसली, आणि त्यांचा जावई दामार सेराबीची, म्हणजे तांदळाच्या गोड घावनांची, टोपली घेऊन वुरच्या घरी आला. नेमका मीही तिथे होतो.

"इबू, बाबांचं चरित्र तुम्ही लिहावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. संगीत कळणारी दुसरी लेखिका आहे कुठे?"

वुरने एक सेराबी उचलली, कडेचा कुरकुरीत भाग मोडून खाल्ला. "लिहीन," ती म्हणाली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "वुर, काय चाललंय तुझं? त्या माणसाच्या घरी जाऊन बसणार तू?"

"छत्तीस वर्षं वाट बघितली, मास. आत्तापर्यंत तो पुरेसा उंच चढला नव्हता."

"त्याने ओळखलं तर?"

"ओळखू दे ना. मला तर तेच हवंय. तुम्ही यायचं माझ्याबरोबर. टेपरेकॉर्डर धरायला."

पाक प्रविरोंनी तिला ओळखलं नाही. मला ओळखलं, पाठीवर थाप मारली, "अरे वर्सितो, अजून जिवंत!" म्हणाले. तिला मात्र त्यांनी पाहुणीसारखं बसवलं, मोगऱ्याचा चहा मागवला आणि ताई म्हणावं तसं जेंग म्हणत विचारलं, "जेंग, तुमच्या पुस्तकांत सूर असतो म्हणतात. कधी गात होता की काय?"

"थोडंफार," वुर म्हणाली. तिने वही उघडली.

एकूण अकरा दुपारी आम्ही तिथे गेलो. त्यांनी आपलं लहानपण सांगितलं, दौरे सांगितले, राष्ट्राध्यक्षांसमोर वाजवल्याचं चारदा सांगितलं. ते प्रसिद्ध गाणं कसं सुचलं हेही सांगितलं. दोनदा खाकरले आणि म्हणाले, "बायको माहेरी गेली होती. नदीकाठी बसलो आणि एका बैठकीत उतरलं."

वुर सगळं लिहून घेत होती. सातव्या दुपारी तिने सहज विचारलं, "पाक, इतक्या गायिका तुमच्या हाताखालून गेल्या. एखादी डोईजड झाली तर काय करायचात?"

ते इतके हसले की खोकला आला. "पट्टी चढवायचो! ती काय तक्रार करणार? लोकांना वाटतं, हिलाच गाता येत नाही. या वर्सितोला विचारा. एक पोरगी होती, श्रीवेदारीला. एक गाणं काय जुळवलं, म्हणे स्टेजवरून माझं नाव पुकारा! तीन पट्ट्या वर घेतली. असा आवाज फाटला की बस्स. पुन्हा दिसली नाही बया."

"नाव काय होतं तिचं?" वुरने विचारलं.

"कोण जाणे. काय रे वर्सितो, काय नाव होतं?"

मी हातातल्या यंत्राकडे बघितलं. वुर माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आठवत नाही, पाक."

परतताना मोटारसायकलवर मागे बसून ती म्हणाली, "आज पुन्हा खाली बघितलंत, मास." मी गाडीचा वेग वाढवला. पुढच्या चौकात ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी विचारेन तेव्हा लोक समोर असतील."

पुस्तक तीन महिन्यांत झालं. श्रीवेदारीचा तो किस्सा पान एकशे बारावर, त्यांच्याच तोंडच्या शब्दांत, हसण्यासकट होता. छपाईआधी दामारने सगळं वाचलं आणि त्याला काहीच खटकलं नाही. घरात बाबांचा तो नेहमीचा विनोद होता, आणि पोरीला नाव नव्हतं.

समारंभ दुपारी, एका मोठ्या लाकडी खांबांच्या मंडपात. पाचशे माणसं. प्रत्येकाच्या खुर्चीवर पुस्तकाची एक प्रत. पाक प्रविरो पहिल्या रांगेत, डोक्यावर नवीन बातिकचा फेटा. भाषणं झाली. जुन्या पथकातला जिवंत उरलेला म्हणून मला चेलोवर बसवलं होतं. वुरला दोन शब्द बोलायला बोलावलं, तर ती म्हणाली, "मी बोलणार नाही. पाकांचं ते प्रसिद्ध गाणं म्हणते."

टाळ्या पडल्या. ती आमच्याकडे वळली आणि हळू म्हणाली, "तीन पट्ट्या खाली."

बासरीवाला पोरगा गोंधळला. "इबू, हे गाणं तर नेहमी..."

"ही त्याची खरी पट्टी आहे. मास वर्सितोंना माहीत आहे. त्यांच्या मागे या."

मी सुरू केलं. तिचा आवाज आता खर्जातला झाला होता, थोडा खरखरीत, पण भरलेला. घाई नाही, ओढाताण नाही. लग्नांतून हजारदा ऐकलेलं ते गाणं लोकांना पहिल्यांदा कळत होतं. चौथ्या ओळीत चाल वर चढली आणि तिचा आवाज पाण्यात पाय टाकावा तसा तिथे जाऊन उभा राहिला. माझ्या डोळ्यांपुढे तारा दिसेनात. बोटांना माहीत होतं, ती वाजवत राहिली.

गाणं संपलं. टाळ्या थांबू न देताच ती म्हणाली, "आपल्या जुन्या कवींची एक रीत होती. ओळींच्या सुरुवातीला आपलं नाव लपवून ठेवायची. शाळेत सगळे शिकलोय. या गाण्याच्या चार ओळी कशाने सुरू होतात बघा. वुरुंग, निष्फळ गेलं. यायी, सखे. निंग, काठावर. सिह, प्रेम."

लोक बोटांवर मोजायला लागले. मग मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या शिक्षिका मोठ्याने म्हणाल्या, वर्गात उत्तर द्यावं तशा, "वुर, या, निंग, सिह. अगं बाई, वुर्यानिंगसिह!"

"पुस्तकाचं एकशे बारावं पान उघडा," वुर म्हणाली.

पाचशे माणसं पानं उलटतात तेव्हा पाऊस सरकत आल्यासारखा आवाज होतो. तो थांबला. मग कुजबुज सुरू झाली.

"मास वर्सितो," ती ध्वनिक्षेपकातून म्हणाली, "त्या दिवशी पट्टी किती चढवली होती?"

मी उभा राहिलो. या वेळी खाली बघितलं नाही. "तीन," मी म्हटलं. "आम्हाला आधी सांगितलं होतं. तुला नाही. गाणं तुझं होतं, हे पाचही जणांना माहीत होतं. मलाही."

पाक प्रविरो जावयाकडे वळून विचारत होते, "काय झालं? कोण ही बाई?"

पुढे वर्तमानपत्रांत आलं. ज्या सन्मानासाठी त्यांचं नाव गेलं होतं, तिथून ते परत आलं. आणखी दोन म्हाताऱ्या गायिका पुढे आल्या, त्यांच्याही पट्ट्या अशाच चढल्या होत्या. नव्या छपाईत गाण्याखाली वुरचं नाव लागलं. काही लोकांनी तिला दुष्ट म्हटलं. माझी बायकोच म्हणाली, "ऐंशी वर्षांचं म्हातारं माणूस, सोडून द्यायचं होतं हो."

वुरच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मी एकोणीस वर्षांची होते. त्याने सोडलं का?"

पण तिला झोप लागत नव्हती. एका मंगळवारी आली, कागद नव्हते. "त्याला आठवतच नाही, मास. सगळं गेलं त्याचं, पण कोणामुळे गेलं ते त्याला कळलेलंच नाही. मी त्याच्यासाठी कोणी नाहीच अजून."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज चार वाजता त्यांच्या घरी जाऊ लागली. मीच सोडायचो. म्हातारा आता अंथरुणाला खिळला होता, घरच्यांना वाटलं ही पश्चात्तापाने येते. ते तिला चहा देत, खुर्ची देत. ती उशाशी बसून रोज तेच सांगायची, शांत आवाजात: तारीख, मंडप, तीन पट्ट्या, पहिल्या रांगेतलं हसणं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मला नाही आठवत, जेंग." चौथ्या दिवशी म्हणाले, "पुरे करा." सातव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले. ती भिंतीच्या बाजूला खुर्ची घेऊन गेली.

"वुर, आता बस कर," मी म्हटलं.

"तुम्हाला यायचं नसेल तर मी रिक्षाने जाईन."

बाराव्या दिवशी मी खिडकीपाशी उभा होतो. तिने तारीख सांगितली तसं म्हाताऱ्याने हात वर केला.

"तुझ्या हातात रुमाल होता," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "पांढरा. तू तो तोंडात कोंबलास, रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून. मागच्या पायऱ्यांवर बसली होतीस. मी बघितलं आणि दुसऱ्या बाजूने गेलो." मग ते रडायला लागले, तोंड उघडं टाकून. हुंदका अर्ध्यात तुटायचा, पुन्हा यायचा.

रुमालाचं तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

वुर ऐकत राहिली. त्यांचं रडणं संपेपर्यंत बसली, एका शब्दाने त्यांना धीर दिला नाही. मग उरलेला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि बाहेर आली.

"चला," ती म्हणाली.

"उद्या किती वाजता?"

"उद्या काम आहे," वुर म्हणाली, आणि मोटारसायकलवर माझ्या मागे बसली.