चार शून्यं

"किती दाखवतंय?" पंचशीलाने दारातूनच विचारलं.

"एक," प्रवीण म्हणाला.

"तीनशे बारा पायजेत की."

"पायजेत," प्रवीण म्हणाला, आणि त्याने पडदा थोडा स्वतःकडे वळवला.

बीडच्या या संस्थेत प्रवीण नऊ वर्षं संगणकाचं सगळं बघत होता. सगळं म्हणजे प्रिंटरात अडकलेला कागद, अध्यक्षांच्या सुनेचा मोबाइल आणि लिनक्स सर्व्हर, महत्त्वाप्रमाणे याच क्रमाने. पंचशीला सर्वेक्षण करायची. लिंबागणेशपासून चौसाळ्यापर्यंत दोन वर्षं पायपीट करून तिने ऊसतोडीला जाणाऱ्या तीनशे बारा बायकांच्या जबान्या घेतल्या होत्या. गर्भपिशवी कुणी काढायला लावली, काय भीती घालून, कितव्या वर्षी. गुरुवारी त्या चौकशी समितीपुढे ठेवायच्या होत्या.

एकीची हकिकत चार ओळींची, दुसरीची चार पानांची. ठरावीक रकान्यांत त्या बसेनात. म्हणून प्रवीणने नोएसक्यूएल डेटाबेस निवडला. त्यात प्रत्येक बाईची नोंद तिच्या तिच्या मापाची. व्हिडिओ बघत बघत त्याने तो भाड्याच्या सर्व्हरवर चढवला. 'चालू आहे' अशी हिरवी अक्षरं उमटली तेव्हा त्याने बायकोला फोटो पाठवला. तिने उलट विचारलं, येताना कोथिंबीर आणाल का.

तीन महिने डेटाबेस सर्व्हरच्या आतून आलेल्याचंच ऐकत होता, बाहेरच्याला दार बंद. मग अध्यक्ष अर्जुनरावांनी उद्घाटन काढलं. शुक्रवारी, अकरा वाजून दहाचा मुहूर्त. पाहुण्यांनी व्यासपीठावर टॅबलेटवर बोट ठेवायचं आणि पडद्यावर जबान्या उघडायच्या. पाऊण तास आधी टॅबलेट जोडलाच जाईना. बाहेरून उघडायचं तर आधी पासवर्ड लावावा लागेल, असं प्रवीण म्हणाला.

"पाहुण्याला पासवर्ड विचारतो का बे?" अर्जुनराव म्हणाले. "इज्जत हाय का न्हाई आपली?"

प्रवीणने सेटिंगच्या फाईलमधला आतला पत्ता पुसून तिथे चार शून्यं टाकली. त्याचा अर्थ, कुठूनही या. पासवर्डची ओळ बंदच होती. ती उद्घाटनानंतर चालू करायची ठरली. आमच्याकडे दाराला कुलूप बसायच्या आधी तोरण बसतं. नारळ फुटला, पडदा उघडला. 'पेपरलेस' कारभाराची खूण म्हणून अर्जुनरावांनी जबान्यांसकट सगळे कागदी फॉर्म रद्दीवाल्याच्या हाती दिले. एकेचाळीस किलो भरले. मग पंगत बसली, आणि चार शून्यं तशीच राहिली.

रविवारी कुणीतरी, जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून कोण जाणे, आत आलं आणि सगळं पुसून गेलं. उरलेली एक नोंद इंग्रजी चिठ्ठी होती, पैसे पाठवा म्हणून. प्रवीणने रोज पहाटे नक्कल निघायची सोय केली होती. पण ती रोज त्याच फाईलवर लिहिली जाई. सोमवारी पहाटे पाचला सर्व्हरने रिकाम्या डेटाबेसची नक्कल इमानदारीने भरलेल्या नकलेवर ठेवली. रद्दीवाल्याने फोनवर सांगितलं, माल शनिवारीच मिलला गेला, लगदाबी झाला असंल.

प्रवीणने जाऊन सांगितलं ते अर्जुनरावांनी ऐकून घेतलं. "तांत्रिक बिघाड म्हणून लिहून दे. तारीख वाढवून घिऊ. पंचशीलाला काय सांगू नको आत्ताच."

प्रवीण परत आला तेव्हा पंचशीला त्याच्या खुर्चीत बसली होती. पडदा तिने आपल्याकडे वळवून घेतला होता.

"ताई, माझ्या हातनं झालं. दार मी उघडं ठिवलं."

तिने पडद्यावरची ती एकच नोंद वर-खाली करून पाहिली. मग म्हणाली, "सिंधुबाई दिवाळीत गेली. तिचं कुणाकडून घ्यायचं?"



तिने पिशवीतून डायरी काढली. तीत जबान्या नव्हत्या. नुसती नावं, गावं आणि फोननंबर. "फोन तुमी लावा, प्रवीणभाऊ. मी एकदा इचारलंय. मला दुसऱ्यांदा तोंड न्हाई."

पहिला नंबर चंद्रभागाबाईंचा. त्या कर्नाटकात उसाच्या फडात होत्या.

"परत? कावून?" पलीकडून आवाज आला. "तवा लिवलं न्हाई का बाईनं?"

"लिहिलं होतं. माझ्याकडून पुसलं गेलं, मावशी."

कोयत्यांचा आवाज येत राहिला. "एकडाव सांगितलं तर दोन दिस अन्न गेलं न्हवतं मला," त्या म्हणाल्या. मग दमाने, "लिवा. चोविसाव्या वर्षी काढली. डागदर म्हनला, कॅन्सर हुईल. मंग मी म्हनलं, लेकरं बारकी…" कुणीतरी पुरुष ओरडला. "मुकादम बोलवतोय," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

प्रवीणने तेवढंच टंकलं आणि मान वर केली. डायरीत पुढचं नाव सिंधुबाईचं होतं. पंचशीलाने त्यावर बोट ठेवलं, आणि बोट न उचलता खालच्या ओळीतला नंबर वाचून दाखवायला सुरुवात केली.